सहावा प्रश्न

सगळीकडे एकच फॉर्म असावा, हा हट्ट कामिनीचाच. नागपूर, काटोल, कन्हान, एकाच डॉक्टरसाहेबांची तीन एमआरआय केंद्रं आणि तिन्हीकडे तपासणीआधी पेशंटकडून भरून घ्यायचे तीन तऱ्हेचे कागद. एकात पेसमेकरचं विचारलेलं, दुसऱ्यात तेही नाही. कामिनी तेरा वर्षं मशीनवर मुरलेली, तिला हे पाहवेना. पंधरा दिवस डोकं लावून तिनं नऊ प्रश्न सोप्या मराठीत लिहिले. सहावा तर भांडून घालून घेतला: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? एवढं कोण विचारतं, असं साहेब म्हणाले. "सर, बुटीबोरीच्या कारखान्यांतले कितीतरी पेशंट ग्राइंडरवर काम करतात," कामिनी म्हणाली. "कण आत राहिला असला तर मशीनचं चुंबक त्याला ओढतं. डोळा जातो."

इतकं सगळं कळत होतं बाईला. आणि तरी काय केलं तिनं? दिवसाला तीस पेशंट, प्रत्येकाला नऊ प्रश्न, बाहेर नातेवाइकांचा गलका, आणि उत्तरं बहुतेक 'नाही'च. एका दुपारी वैतागून तिनं कोऱ्या फॉर्मवर नऊही ठिकाणी 'नाही'वर खूण केली आणि त्याच्याच शंभर झेरॉक्स काढल्या. पेशंटनं नुसती सही करायची. काटोल-कन्हाननंही तोच गठ्ठा मागवून घेतला. झालं, तिन्हीकडे एकसारखं.

देवराव कंबर दुखते म्हणून आला होता. दाखवलं तिथं सही केली, आत गेला, आणि टेबल मशीनमध्ये सरकताच डोळा धरून ओरडला. त्याचा डावा डोळा गेला.

आठ दिवसांनी तो बायकोला, गोपिकाला, घेऊन केंद्रात आला. साहेबांनी कामिनीला आधीच बजावलं होतं, "सही त्याची आहे. कागद दाखव आणि गप्प राहा. जास्त बोललीस तर नोकरी विसर."

तो भांडणार म्हणून कामिनी जीव मुठीत धरून बसली होती. पण पट्टी बांधलेला देवराव खुर्चीच्या कडेला टेकला आणि खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, साहेब म्हणतात माझीच चूक हाय. मी कागदावर खोटं लिहून देल्लं म्हणे. गावात सारे मलेच बोलून राहिले. घरवाली तर बोलतच नाही."

गोपिका त्याच्याकडे न बघता कामिनीला म्हणाली, "काय लिहून देल्लं याईनं, ते वाचून दाखवा बाई. सहीपुरतंच येते याईले, वाचता नाही येत."

कामिनीनं फॉर्म काढला. झेरॉक्सच्या नऊ काळ्या खुणा आणि खाली निळ्या शाईत वाकडीतिकडी सही. एकेक प्रश्न वाचत ती सहाव्यावर आली.

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?"

"हो, गेल्ता ना," देवराव लगेच म्हणाला. "कंपनीतच. याच डोळ्यात." मग म्हणाला, "पण मॅडम, हे तर तुम्ही मले आजच विचारून राहिल्या."

साहेब दारात येऊन उभे होते. कामिनीनं त्यांना पाहिलं. तिला भयंकर लाज वाटली, स्वतःची.

"आजच," ती म्हणाली. "तुम्ही खोटं काहीच लिहिलं नाही, दादा. या खुणा माझ्या आहेत. तुम्ही यायच्या आधीच केलेल्या."

गोपिका उठली, नवऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन तिनं त्याचा दंड धरला.

"उठा जी," ती म्हणाली. आठ दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती.