शंखजिऱ्याची पाच बोटं

मी प्लॅटिनमची वाटी बोलतेय. वाटी म्हणजे केवढी, तर तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढी. केरळातल्या कोट्टयमच्या एका प्रयोगशाळेत, तराजूच्या तारेला लटकून, भट्टीत आत-बाहेर करण्यात माझा जन्म गेला.

माझ्यात रबराचा कपटा ठेवायचा, भट्टी तापवायची आणि वजन कसं घटतं ते पाहायचं. आधी तेल उडतं, मग रबर. मग आत हवा सोडली की काजळी जळते. उरते ती राख, म्हणजे माती-दगडासारखं जे जळत नाही ते. वरून सगळी रबरं काळीच, पण पोटात काय दडलंय हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. भोचक म्हणा हवं तर.

इथे घरोघरी रबराची झाडं, म्हणून कारखान्यात बनलेल्या रबराकडे लोक सावत्र नजरेनं बघतात. शोशाम्मानं मात्र त्याचाच धंदा मांडला. मच्छीमार बोटींच्या इंजिनांना लागणारी, तेलात न फुगणारी वायसरं ती करते. गिऱ्हाइकानं आळ घेतला, हिच्या रबरात माती आहे. तशी ती कामावरूनच, अजून न भाजलेल्या कच्च्या रबराचा तुकडा घेऊन आमच्याकडे आली.

भट्टी निवली. राख फार निघाली.

"चेची, माती दिसतेय," इथली रसायनतज्ज्ञ विलासिनी हळूच म्हणाली. चेची म्हणजे ताई.

"मातीच घालायची तर चुली नसत्या का थापल्या? पोरी, हा अहवाल गेला की माझ्याकडच्या बायका घरी बसतील."

"यंत्र खोटं बोलत नाही, चेची."

"मग मीच बोलत असेन."

तिनं काळी छत्री उचलली. छत्रीवर पाच पांढरी बोटं उमटली.

"हे काय लागलंय हाताला?"

"शंखजिरं. मऊ दगडाची भुकटी. ती न भुरभुरता कच्च्या रबराचे थर रचले तर चिकटून बसतील ना."

विलासिनीनं कपाळावर हात मारला. तिला हे ठाऊक नव्हतं थोडंच; घाईत तुकडा धुवायचाच राहिला होता. तिनं तो धुतला, मधला कपटा कापला, मला ज्योतीवर लाल करून स्वच्छ केलं. इतकी उत्सुक मी कधीच नव्हते. आणि भीतही होते.

राख नावापुरती उरली.

"यंत्र खोटं बोलत नाही ना?" शोशाम्मानं विचारलं.

"नाही, चेची. चूक माझी."

आता मला बारीक भोकं पडलीत, लवकरच वितळवतील. जाता जाता एवढंच मागते: माझं ऐका, पण माझ्यात काय ठेवलंत ते आधी बघा. आणि त्या छत्रीवरची बोटं शोशाम्मानं पुसली की तशीच ठेवली, तेवढं कुणीतरी मला सांगा.