थालियाचा मुखवटा

छायाने मुखवट्याला मागून काळं इलॅस्टिक शिवलं आणि दोरा दातांनी तोडला. दिग्दर्शक सुजीतने दिलेल्या चित्रात थालिया, ग्रीकांची विनोदाची आणि काव्याची देवी, हसरा मुखवटा नुसता हातात धरून उभी होती. छायाने मात्र तो मुद्दाम चेहराभर बेतला. वैभवीचा देखणा चेहरा मंडळाला दिसायलाच नको.

सात वर्षं आखातातल्या या मराठी मंडळात लोकांना हसवायचं काम छायाचं. यंदा सुजीतने नऊ ग्रीक देवींचं नाटुकलं बसवलं आणि थालिया दिली ती दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेल्या वैभवीला; छायाकडे उरली फक्त वेशभूषा. त्यात भर म्हणजे, तालमीहून परतताना छायाचा नवरा गुणवंत म्हणाला होता, "वैभवीचं टायमिंग कसलं भारी आहे गं!"

छायाच्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून घरी कोणी नसलं की ती ओट्यापाशी वैभवीची नक्कल करायची. तिच्याच लाडिक आवाजात, वाकडं तोंड करून, सगळी वाक्यं.

प्रयोगाच्या संध्याकाळी ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये दुसरी घंटा झाली, तरी वैभवी शारजाच्या ट्रॅफिकमध्येच अडकलेली. सुजीतने घामाघूम होऊन मोबाइल बंद केला.

"अजून अर्धा तास? खलास! वहिनी, तुम्हाला तिच्या लाइन्स येतात?"

"येतात," छाया जरा लवकरच म्हणाली.

"मग यल्ला, चला, चढवा मुखवटा. अनाउन्समेंटला टाइम नाही."

मुखवट्याआड तोंड उघडलं, तर वैभवीचाच लाडिक आवाज बाहेर पडला. पहिल्या वाक्याला हशा आला, तिसऱ्याला टाळ्या. पुढच्या रांगेत गुणवंत पोट धरून हसत होता, डोळे पुसत होता. सात वर्षांत छायाच्या एकाही भूमिकेला तो असा हसला नव्हता.

शेवटी सगळ्याजणी नमस्काराला उभ्या राहिल्या.

"वैभवी, जबरदस्त!" गुणवंत उठून ओरडला. "आता चेहरा तरी दाखव!"

छायाचा हात इलॅस्टिककडे गेला. गुणवंत मान उंचावून वाट बघत होता, अजून हसतच होता. मुखवटा उतरल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय दिसेल, याची तिला धडकी भरली. तिने हात खाली घेतला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि तशीच विंगेत आली.

तिथे वैभवी धापा टाकत उभी होती. छायाने मुखवटा काढून तिच्या हातात दिला.

"जा," ती म्हणाली. "तुला बोलावताहेत."