सावळाराममामांचं दावं

लॉरी माझ्या नावावर करायची हे मी ठरवलं, तेव्हा चाकणात कुणालाच ते पटलं नाही, आणि मला कुणाला पटवायचंही नव्हतं. पिंपरीला कारखान्यासाठी माझ्या माहेरची जमीन गेली. वडिलांना मी एकटीच, त्यामुळे मोबदला माझ्या हाती आला. त्यातून मी लॉरी घेतली, मग ती काय शेजारणीच्या नावावर करायची?

लॉरी सावळाराममामांची. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली, चाकणचा कांदा पुण्याला नेणारी. आमचे हे तिच्यावर ड्रायव्हर. यांचं नाव ज्योतीराम. मी ते तोंडानं घेत नाही, पण लिहायला हरकत नाही. मामांचे गुडघे आणि लॉरी दोन्ही एकदमच कुरकुरायला लागले, म्हणून मामांनी ती विकायला काढली. सौदा ठरला तो माझ्याशी, पण बोलणं सगळं यांच्याशी. मी समोर उभी असले तरी "ज्योतीराम, तुजी लॉरी" असंच. माझं डोकं तडकायचं. हे डोळ्यांनी मला गप्प करायचे आणि मी गप्प बसायची, म्हणजे थोडा वेळ.

पैसे पोचते झाले, मामींनी लॉरीला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. हे गाडी चालू करायला सीटमागे हात घालतात, तर हँडल जागेवर नाही. लॉरीचा सेल्फ कधीच मेलेला. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवल्याशिवाय ती जागची हलत नसे.

तेवढ्यात मामा हात झटकत गोठ्यातून बाहेर आले.

"मामा, हँडल कुठं हाय?" यांनी विचारलं.

"खुंटीला लावलंय."

"अवो, पर गाडी कशी चालू करू?"

"ते तू बघ. गाडी तुजी, हँडल माजं. इतकी बैलं इकली म्या, कुणाला दावं दिलं का? दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाती."

हे आ वासून माझ्याकडे बघायला लागले. मला असा संताप आला म्हणून सांगू! आणि जास्त संताप याचा, की म्हातारा खोटं बोलत नव्हता. माझ्या वडिलांनीही जनावर विकताना दावं कधी दिलं नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं घेऊन यायचं, अशीच आमच्याकडची रीत. आता लॉरी म्हणजे बैल नव्हे, हे मामांना कोण सांगणार? पोळ्याला ते तिलाही झूल घालून बैलांच्या रांगेत उभी करत.

आणि माझी तर घाई होती. दुसऱ्याच दिवशी पुण्याला मोटार खात्याच्या कचेरीत साहेब लॉरी तपासणार होते. इंजिनाचा नंबर लॉरीच्या नोंदणीच्या बुकाशी ताडायचा, लॉरी चालू होते का पाहायचं, मगच माझं नाव बुकात चढणार. साहेबांसमोर काय ती ढकलत न्यायची?

"मामा, दावं तुमचं तुमाला लखलाभ," मी म्हणाले. "पर माप तर घिऊ द्या. आमी आमचं करून घेतो."

मामांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग हँडल आणलं, पण हातातून सोडलं नाही. एक टोक त्यांनी गच्च धरलेलं आणि दुसरीकडून मी सुतळीनं माप घेतेय, वाकणाच्या ठिकाणी गाठी मारतेय. जणू मी ते पदराखाली घालून पळणारच होते!

चार माणसांनी लॉरी उतारावरून ढकलली तेव्हा ती चालू झाली, आणि आम्ही तडक भिमाजी लोहाराचं दुकान गाठलं. त्यानं नांगराचं काम बाजूला ठेवून संध्याकाळपर्यंत हँडल घडवून दिलं. दिसायला जुन्यापेक्षा देखणं. घरासमोर फिरवून पाहिलं, लॉरी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी निर्धास्त झोपले.

सकाळी मामांना सहीसाठी पुण्याला यायचं होतंच. हे म्हणाले, लॉरीतूनच चला. पण मामा कसले ऐकतात! "इकलेल्या जनावरावर बसू व्हय?" म्हणाले आणि एसटीनं आले. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं. ते काय असणार हे मला विचारावं लागलं नाही.

साहेबांनी इंजिन बंद करायला लावलं, नंबर ताडून पाहिला आणि म्हणाले, "आता चालू करा."

यांनी भिमाजीचं हँडल घातलं आणि जोर लावला. खाडकन आवाज झाला. हँडलच्या टोकाची आडवी खीळ वाकली होती, आता ते नुसतंच गरागरा फिरायला लागलं. हे घामाघूम झाले, लॉरी ढिम्म.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "गाडी दुरुस्त करा आणि पुढच्या महिन्यात या. आज नाव बदलता येणार नाही."

पुढच्या महिन्यात! तोवर कांद्याचा हंगाम सरला असता. आणि चाकणात सगळे म्हणाले असते, बाईच्या नावावर जायचं म्हटल्यावर लॉरीसुद्धा अडून बसली. ते ऐकण्यापेक्षा मी लॉरी पाठीवर घेऊन गेले असते.

"मामा, द्या की ते," हे काकुळतीला आले.

"दावं मागतूस?" मामांनी काखेतलं गोणपाट आणखी आवळलं आणि तोंड फिरवलं.

मग मी पुढे झाले.

"मामा, दावं मी मागत न्हाई. ते तुमचंच हाय. पर जनावर नव्या हाताला बुजलंय. जुन्या धन्यानं एकडाव हात फिरवला तर चालंल. का तेबी तुमच्या रीतीत बसत न्हाई?"

मामांनी वळून लॉरीकडे पाहिलं. लॉरीच्या कपाळावर मामींनी लावलेलं कुंकू अजून तसंच होतं.

"बसतं की," ते हळूच म्हणाले. "ते बसतं रीतीत."

त्यांनी गोणपाट सोडलं, हँडल घातलं. अंगठा मुठीबाहेर ठेवला, उलटा झटका बसला तर हात मोडू नये म्हणून. आधी अर्धा फेरा अंदाज घेत फिरवला आणि मग कुरकुरत्या गुडघ्यांनिशी असा हिसका दिला की लॉरी धडधडायला लागली. मला इतका आनंद झाला की मी साहेबांसमोरच टाळी वाजवली.

साहेब हसले. पेनाचं टोपण काढून त्यांनी यांच्याकडे पाहिलं. "हं, मालकाचं पूर्ण नाव सांगा."

मी तोंड उघडणार, तोच इंजिनाच्या आवाजावर मामांचा आवाज चढला.

"त्याला काय इचारताय सायेब? त्यो डायवर हाय. लॉरी हिची. माप घ्यायला ही आली, बोलायला ही आली. शकूचं नाव घाला."

यांनी मान डोलावली आणि हसत हसत माझं नाव सांगितलं. साहेबांनी ते लिहिलं. मामांनी खाली सही केली, एकेक अक्षर सावकाश काढत.

बाहेर आलो. हे स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. मामा खालीच उभे. ज्या पायरीवरून इतकी वर्षं ते धाडधाड चढले, तिच्यावर त्यांनी हात ठेवला, पाय नाही.

"मालकीण," ते मला म्हणाले, "चाकणपतुर येऊ का?"

हा शब्द ऐकायला मी किती दिवस आसुसले होते! आणि आता मामांच्या तोंडून आला, तर मला रडूच फुटलं. मी सरकून जागा केली.

"या, मामा. पर दावं मांडीवर धरा. गाडीत ठिवू नगा, ऱ्हायलं तर माजं व्हईल."

मामांनी चाकण येईपर्यंत ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.