खाट पाचजवळचा हिरवा पडदा

मी एक जुना हिरवा पडदा आहे. दारा-खिडकीचा नव्हे, दवाखान्यातला. लोखंडी चौकट, घडी होणारे तीन भाग, खाली चाके. धुळ्याच्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात मी कोपऱ्यात घडी होऊन उभा असतो आणि माझ्यावर टॉवेल वाळतात. मित्रांनो, राग येणार नाही तर काय?

पूर्वीच्या सिस्टर तपासणीआधी मला खाटेभोवती ओढत. "पडदा असला की बायका बोलतात," असे त्या म्हणत. त्या निवृत्त झाल्या, माझे एक चाक गंजले, आणि मग कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

हल्ली इथे परदेशातल्या मुलीही नर्सिंग शिकतात. नेमा टांझानियाची, तिची जोडीदारीण दिपमाला पाचोऱ्याची. परवा खाट पाचवर दोंडाईच्याकडची सुलक्षणा होती, नुकतीच बाळंत झालेली. उशाशी तिचे सासरे झुलाल आबा नातवाचे कौतुक करत बसले होते.

"ताई, काही त्रास?" दिपमालेने विचारले.

सुलक्षणाने पदर पुढे ओढला, गोधडी गळ्यापर्यंत घेतली. "नै, बठ्ठं बरं शे."

सासऱ्यांसमोर ती 'सगळे बरे आहे' याशिवाय दुसरे काय सांगणार? दिपमालेला ही भीड स्वतःच्या घरातूनच ठाऊक, पण आबांना उठा म्हणायला तिची जीभ रेटेना. नेमाने तिच्या रीतीप्रमाणे गुडघा वाकवून आबांना नमस्कार केला. आबा खूश. आपल्या दोघींचे संस्कार किती जुळतात, असे म्हणत त्या हसत पुढच्या खाटेकडे गेल्या! मी तिथून तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला ओरडायला तोंड नाही.

थोड्या वेळाने नेमाने मागे वळून पाहिले. सुलक्षणाचे ओठ पांढरे पडले होते. नेमाने टॉवेल भिरकावले, मला ओढले. चाक अडले, तशी तिने मला उचलूनच आणले. दिपमालाही धावत आली. आडोसा होताच सुलक्षणाला रडू फुटले.

"सकायपाईन रगत जाई ऱ्हायनं वं, ताई."

सकाळपासूनच्या रक्ताने गादीपर्यंत भिजले होते. डॉक्टर धावले. बाई वाचली, पण थोडक्यात.

पडद्याबाहेर जाऊन उभे राहिलेले आबा रडवेले झाले. "मले सांगानं व्हतं ना, पोरीस्वन! मी बाहेर बसतू."

भीड भिकेची बहीण म्हणतात, ती ही. साधे सांगायचे होते, तेवढेच राहिले.

आणि आज? आज या मुलींच्या नर्सिंग कॉलेजात देशोदेशीच्या संस्कृतीचा कार्यक्रम आहे. मला सभागृहात आणून माझ्यावर कागदी झेंडे टाचले आहेत. माझ्यापुढे मुली फोटो काढतात.

"मॅडम, पडदा वॉर्डात पाहिजे," नेमा मोडक्या मराठीत म्हणाली.

"एका दिवसाने काय बिघडतं गं?" मॅडम म्हणाल्या.

मित्रांनो, थोरांना नमस्कार जरूर करा. पण आजारी बाईला काही विचारण्याआधी पडदा ओढा, आणि माझ्या चाकाला तेवढे तेल घाला. मला इकडे आणताना मी पाहिले, खाट पाचवर नवी बाळंतीण आली आहे. तिच्या उशाशी तिचे सासरे बसले आहेत.