संपर्क तुटला म्हणे!

तुम्ही माणसं गाळलीत. औषधांना मंजुरी देणारे, चाचण्यांचे अहवाल वाचल्याचा शिक्का मारणारे, मोठ्या खुर्च्यांत बसलेले तुम्ही! मागे वळून बघू नका, तुमच्याशीच बोलणं चाललंय. तांदळातले खडे काढावेत तशी तुम्ही जितीजागती माणसं बाजूला काढलीत, आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणालात, बघा, सगळे कसे ठणठणीत!

त्या बाजूला काढलेल्यांतल्या एका बाईची ही गोष्ट. तिची आणि तिच्या थोरल्या बहिणीची.

थोरली वैद्यकीय संशोधक. ती रोगी तपासत नाही की औषध बनवत नाही. एखाद्या औषधावर ठिकठिकाणी झालेल्या चाचण्यांचे अहवाल शोधायचे, एकेकाची उलटतपासणी करायची, आणि सगळे मिळून खरोखर काय सांगतात ते लिहायचं, हे तिचं काम. त्याला पद्धतशीर आढावा म्हणतात. डॉक्टर तो वाचतात आणि त्या भरवशावर तुमच्या-आमच्या हातावर गोळी ठेवतात. शेजारणींनी विचारलं, "म्हणजे ही नक्की करते तरी काय?" तर धाकटी परस्पर सांगून मोकळी व्हायची, "दुसऱ्यांच्या वह्या तपासते. मास्तरीणच आहे, फक्त हातात छडी नाही."

या धाकटीला घरात सगळे रेडिओ म्हणत. टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची आणि रांगेतल्या प्रत्येकाची खबरबात ठेवायची. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, पण संध्याकाळी फोन ठरलेला. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, दूध कसं उतू गेलं. थोरली कणीक मळता मळता फोन खांद्यात धरून नुसतं "हं, हं" करायची. त्या "हं"मध्ये तिचा दिवसभराचा शीण उतरायचा.

मग रेडिओचे सांधे धरले. इस्पितळात एका नव्या गोळीची चाचणी चालू होती, त्यात तिने आपणहून नाव दिलं. "ताई, तुझ्या अहवालांसाठी कुणीतरी गोळ्या खायला नकोत का?"

सांधे मोकळे झाले. पण कानात आवाज सुरू झाला. "कुकर शिट्टीच देत नाही, नुसता फुसफुसतोय," ती म्हणायची. पुढे तो आवाजही राहिला नाही आणि बाहेरचेही गेले. तिने गोळी सोडली. कानाच्या डॉक्टरांनी पन्नाशीही न गाठलेल्या बाईला सांगितलं, वयाने होतं. कानाला यंत्र लावून पाहिलं, त्याने गोंगाट वाढला, शब्द काही कळेनात. टपालाची खिडकी सुटली. आता ती मागच्या खोलीत शिक्के मारते.

संध्याकाळचा फोन थांबला. मेसेज येतात, नाही असं नाही. पण मेसेजात हसू कुठे ऐकू येतं? वाक्य अर्धवट सोडून "थांब गं, गॅस बंद करून येते" म्हणत ती जायची, तेव्हा मागे वाजणारी तिची बांगडी कुठे येते? थोरली अजूनही कणीक मळताना मान एका खांद्याकडे कलती करते. तिथे काही नसतं.

अशात त्याच गोळीचा आढावा तिच्या विभागाकडे आला. बहीण त्यातल्या एका चाचणीत होती हे तिने पहिल्याच दिवशी विभागप्रमुख सरांना लेखी कळवलं. प्रत्येक अहवाल दोघांनी वेगवेगळा तपासायचा असा नियमच आहे, म्हणून त्या चाचणीचा अहवाल सरांनी स्वतः तपासला आणि तिनेही.

अहवालात लिहिलं होतं, कानांची एकही तक्रार नाही. पुढे किती माणसं चाचणीत आली, किती उरली याच्या चौकटी. चाचणी सोडलेल्यांच्या चौकटीत दोनच शब्द: संपर्क तुटला. हे शब्द तिने आजवर कितीतरी तक्त्यांत उतरवले होते, रेल्वेच्या सूचना ऐकाव्यात तितक्या सवयीने. पण अहवाल कसा लिहावा याचे निकष आहेत, आणि त्यांत स्पष्ट म्हटलंय: जो सोडून गेला तो का गेला, ते सांगा. इथे कारणाचा पत्ता नव्हता.

तिने शेवटची बारीक अक्षरं वाचायला घेतली. औषध सोडणाऱ्यांना दूरध्वनी करण्यात आला. न उचलल्यास संपर्क तुटला असे समजण्यात आले.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. अरे देवा! ज्यांचे कान गेले त्यांना यांनी फोन करून विचारलं, कान कसे आहेत!

ती तडक सरांच्या खोलीत गेली.

"सर, निष्कर्षात 'सुरक्षित' असं लिहिता येणार नाही."

"आता?" सर वैतागले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "आढावा मागवणारी समिती डोक्यावर बसलीय. एका चौकटीत कारण नाही म्हणून आभाळ कोसळतं का? आणि राग मानू नका, पण तुमची बहीण आहे म्हणून तुम्हाला तसं दिसतंय."

"असेल. तेही लिहू, आढाव्यातच, सगळ्यांना दिसेल असं. गोळीने कान गेले असं मी म्हणतच नाहीये. आपल्याला माहीत नाही, एवढंच म्हणतेय. माहीत नाही आणि त्रास नाही, या दोन गोष्टी एक कशा?"

"लोक फोन उचलत नाहीत, त्याला चाचणीवाले काय करणार?"

"तुम्हीच लावून बघा." तिने बहिणीचा नंबर पुढे केला.

सरांनी लावला. घंटा वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. तेच.

"उचलत नाहीत."

"मग लिहा ना, सर. संपर्क तुटला!"

सरांनी फोनवर बोटांनी काहीतरी लिहिलं, आपण कोण ते सांगितलं, तब्येत विचारली. चहा निवायच्या आत उत्तर आलं.

'ताईचे सर का? नमस्कार. नंबर तोच, घर तेच, मीही तीच. फक्त फोन वाजतो कसा ते विसरलेय. बोला, म्हणजे लिहा.'

सरांना हसू आलं, आणि लगेच मावळलं. त्यांनी विचारलं, चाचणीवाल्यांनी तुम्हाला कधी विचारलं का?

या वेळी उत्तराला वेळ लागला.

'नाही. पुष्कळ वाट पाहिली. मग मनात आलं, केलाही असेल फोन, मलाच ऐकू आला नसेल. म्हणून रुसले नाही.'

सरांनी फोन उपडा ठेवला. "अहवाल तपासताना त्या 'संपर्क तुटला'समोर मीसुद्धा बरोबरची खूण केलीय," ते म्हणाले. "डोळे उघडे ठेवून केली, बाई!" आणि त्यांनी समोरच्या मसुद्यातला 'सुरक्षित' हा शब्द खोडला. वर लिहिलं: कानांवर काय परिणाम होतो ते माहीत नाही, ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलेलं नाही.

आढावा तसाच गेला. समितीने तोंड वाकडं केलं. चाचणीवाल्यांना विचारणा गेली, मंजुरी देणाऱ्यांनाही गेली. पोच आली, उत्तर नाही.

सुट्टीच्या दिवशी थोरली बहिणीकडे गेली. दोघी समोरासमोर बसल्या. रेडिओ तिच्या ओठांकडे बघत होती, टक लावून, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"तू बोलतेस ना ताई, तेव्हा मी ओठ वाचते आणि आवाज आठवणीतला घालते," ती म्हणाली, ऐकू न येणाऱ्यांच्या उंच आवाजात. "पण हल्ली तो आठवणीतलाही पुसट होत चाललाय गं."

थोरलीने तिचा तळवा उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि ती बोलू लागली. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं. तळव्याखाली गळा थरथरत राहिला. रेडिओने डोळे मिटून घेतले आणि मध्येमध्ये म्हणत राहिली, "हं. हं."

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडून विचारलं, "त्यांचं उत्तर आलं?"

थोरलीने नकारार्थी मान हलवली.

"मग परत विचार."

नागरिकहो, यातून शिकायचं ते एवढंच. 'एकही तक्रार नाही' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की विचारा: विचारलंत कुणाला, आणि कसं? जो माणूस निघून जातो तोच बहुधा सांगण्यासारखं काही घेऊन जातो. आणि माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायला लाजू नये. त्याने कुणाची अब्रू जात नाही, पण न लिहिलं, तर लोकांचे कान जातात की नाही तेही कळत नाही.

आणि आता तुम्ही, मोठ्या खुर्च्यांत बसलेले. त्या चौकटीतली बाकीची माणसं कुठे आहेत? कशी आहेत? त्यांच्यातल्या किती जणांनी फोन उचलला नाही, आणि किती जणांना तो ऐकूच आला नाही? त्यांच्या दारात जाऊन, समोर बसून विचारा, आणि काय कळलं ते लेखी द्या. कधी देताय, बोला!