लिंबाखालचा साक्षीदार

'निर्भय' या नावानं लिहिणाऱ्या रामकिसनरावांना भीती एकाच गोष्टीची होती. आपण एखाद्या ठिकाणी हजर नव्हतो, हे कबूल करायची. रझाकारांच्या त्या वर्षात जिल्ह्यात जिथं काही घडलं तिथं ते होतेच; निदान सोलापुरात छापल्या जाणाऱ्या 'धगधग' साप्ताहिकाचा तसा दावा होता. एका मंगळवारी सकाळी तर ते येरमाळ्यालाही होते आणि नळदुर्गालाही. मधलं अंतर त्यांनी कशानं कापलं, हे साप्ताहिकानं छापलं नव्हतं.

सोमलिंगला हे जुने अंक वाचावे लागले ते १९४९च्या मार्चात. हैदराबादहून बी.एस्सी. होऊन तो परतला होता आणि नोकरी लागेपर्यंत उस्मानाबादला माणिकप्पा वकिलांकडं कागद लावायचं काम करत होता. वकिलांकडं सरकारतर्फे एक खुनाचा खटला आला होता. आदल्या वर्षी एकोणीस मार्चला, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी, अणदूरचे आडते शांतलिंगप्पा यांना त्यांच्याच दुकानासमोर गोळी घातली होती. शांतलिंगप्पा स्टेट काँग्रेसचे. निजामाची जकात भरू नका, असं बाजारात उघड सांगत फिरायचे. मारणारा सोलापूरच्या बाजूनं आला, एक बार काढला आणि ओढ्यात उतरून गेला.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आठवड्याच्या आत लाडलेसाब पकडला गेला. तो सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, शिपाई होता. त्याच्याकडं बंदूक सापडली नाही. त्या दिवशी त्याला अणदुरात पाहणारंही कुणी सापडलं नाही. त्याच्याविरुद्ध होतं ते 'धगधग'मधलं एक वाक्य: 'लिंबाखाली उभ्या असलेल्या आम्ही त्या नराधमाच्या डाव्या गालावरचा व्रण स्पष्ट पाहिला.' लाडलेसाबच्या डाव्या गालावर व्रण होता. लहानपणी बैलानं शिंग मारलं होतं.

"एवढ्यावर फाशी?" सोमलिंगनं विचारलं.

माणिकप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "अरे, साक्षीदार पत्रकार आहे. छापलेलं आहे. आणि काय पाहिजे?"

"त्यांना दिसलं कसं, ते बघू का जाऊन?"

"बघ. पण कोर्टापुढं जायला पंधरा दिवस राहिलेत, हे ध्यानात ठेव. तुझ्या कॉलेजातला प्रयोग नव्हे हा."

सोमलिंगला वाटलं, प्रयोगच आहे, आणि तोही सोपा. तो अठराला अणदूरला गेला. दुकानाजवळ लिंबाचं झाड एकच होतं, विहिरीच्या कडेला. त्यानं सुतळीनं अंतर मोजलं. तीनशे बारा फूट. झाड पूर्वेला, दुकान पश्चिमेला. मार्चातल्या या दिवसांत सूर्य अगदी नाकासमोर पश्चिमेला मावळतो. संध्याकाळी सहाला सोमलिंग लिंबाखाली उभा राहिला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

मग त्यानं दुकानासमोर दोन माणसं आळीपाळीनं उभी केली. एक शांतलिंगप्पांचा धाकटा भाऊ कल्याणप्पा, दुसरा दुकानातला हमाल बलभीम. कुणी उभं राहायचं ते त्यांनी दर वेळी नाणं उडवून ठरवायचं, मातीत रेघ मारून ठेवायची, आणि सोमलिंगनं लांबून ओळखायचं. वीस वेळा केलं. अकरा वेळा बरोबर आलं. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी दहाएक बरोबर आलेच असते.

"आन् एकाला दाढी हाय, एकाला न्हाय," बलभीम म्हणाला. "व्रण तर लांबच ऱ्हायला."

कल्याणप्पाची दाढी छातीपर्यंत आली होती. भावाला मारणाऱ्याला शिक्षा होईस्तोवर वस्तरा लावणार नाही, असं तो खंडोबापुढं बोलून आला होता. खून झाला तेव्हा तो तुळजापूरच्या बाजारात भुईमूग विकत होता, आणि ही गोष्ट त्याला अजून झोपू देत नव्हती. तो तापला.

"तुमचं बीएस्सी तुमच्यापाशी ठेवा. छापलंय ते काय खोटं असतंय व्हय? त्या मानसानं जीव धोक्यात घालून लिव्हलंय."

दुकानाच्या दारात शांतलिंगप्पांची बायको महादेवी उभी होती. ती म्हणाली, "मी दोन हातांवर हुते, दादा. दुधाचा तांब्या द्यायला आले हुते. त्यानं नाकापस्तोर उपरणं बांधलं हुतं. मला गाल दिसला न्हाय. त्या लिंबाखालच्याला कसा दिसला?"

"हे पोलिसांना सांगितलंत का, अक्का?"

"कुनी इचारलं? बाप्यांनी बाप्यांना इचारलं, लिव्हून घेतलं, चहा पिऊन गेले."

सोमलिंगनं तिचं म्हणणं वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि वकिलांना निरोप धाडला. माणिकप्पांचं उत्तर बलभीमच घेऊन आला: बाईंचं डोकं त्या वेळी ठिकाणावर नसणार, छापलेलं बदलत नाही, उद्या रामकिसनरावांना घेऊन मी स्वतः येतोय, जागेवरच काय ते बघू.

दुसऱ्या दिवशी रामकिसनराव वकिलांबरोबर आले. परीटघडीची खादी, खिशाला दोन फाउंटन पेनं. स्वतःला ते 'आम्ही' म्हणत. अणदूरच्या वेशीपाशी उतरल्यावर त्यांनी विचारलं, "लिंब कुठल्या बाजूला?" माणिकप्पांनी खाकरून आकाशाकडं पाहिलं. सोमलिंगनं वेळ लिहून ठेवली: पाच वाजून दहा मिनिटं.

"आपण कुठं उभे होता, तेवढंच दाखवा," सोमलिंग म्हणाला.

"आम्ही असे उभे होतो." रामकिसनराव लिंबाच्या बुंध्याला टेकले, एक हात छातीवर. माणूस फोटोसाठी असा उभा राहतो. "काळीज पिळवटत होतं, पण पत्रकाराचा डोळा कोरडा राहतो, तरुण मित्रा."

"सूर्य कुठं होता?"

"सूर्याकडं कोण बघतो अशा वेळी?"

"आज बघायला लागेल. आता सहाला आम्ही तिथं एकेक माणूस उभा करू. पाच माणसं. त्या दिवशीचा माणूस त्यातला कुठला, तेवढं सांगा."

लाडलेसाबला तुरुंगातून आणलंय, असं कुणी म्हणालं नव्हतं. आणलेलं नाही, असंही कुणी म्हणालं नव्हतं. हा खुलासा मागावा हे रामकिसनरावांना सुचलं नाही, कारण ज्यानं स्वतः पाहिलंय त्यानं विचारायचं कशाला.

कल्याणप्पा स्वतःहून रांगेत आला. "मी उभा ऱ्हातो. निर्भय कसे ओळखत्यात ते बघा म्हनावं." त्यानं उन्हाचं डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलं होतं आणि कमरेला लुंगी होती. बाकीचे चौघं गावचेच, धोतरातले.

पहिला उभा राहिला. रामकिसनरावांनी मान हलवली. दुसरा. पुन्हा मान. तिसरा कल्याणप्पा. लुंगी, डोक्याला फडकं, मागं लालभडक ऊन. रामकिसनराव बुंध्यापासून सुटले आणि त्यांचा हात वर गेला.

"हाच! हाच तो नराधम. हा चेहरा आम्ही मरेपर्यंत विसरणार नाही."

"अजून दोघं राहिलेत," सोमलिंग म्हणाला.

"गरज नाही. तो व्रण बघा, इथून चकाकतोय."

माणिकप्पांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घातला नाही. बलभीम पळत दुकानाकडं गेला आणि काय झालं ते त्यानं मोठ्यानं ओरडून सांगितलं. कल्याणप्पा आधी हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग तो तीनशे बारा फूट चालत आला आणि रामकिसनरावांच्या इतका जवळ उभा राहिला की त्याची दाढी खादीला लागली.

"मी त्याचा भाऊ हाय, साहेब. पाठचा. बघा की व्रण. कुठल्या गालाला हाय? ह्या का ह्या?"

"उजेडाचा दोष," रामकिसनराव म्हणाले. "आणि तुमचा हा वेष…"

"वेष बघून मानूस फासावर चढवता व्हय?"

"मूळ आरोपी तोच आहे!" त्यांचा आवाज चढला. "लाडलेसाबला आम्ही चांगले ओळखतो. हलकट माणूस. नाक्यावर त्यानं आमचे दोनशे अंक ओढ्यात फेकले होते!"

विहिरीवर रहाट वाजत होता. सोमलिंगनं वहीत लिहिलं: 'व्रण कुठं पाहिला: नाक्यावर. केव्हा: अंक फेकले तेव्हा.' या साक्षीदारानं खरोखर डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारं हे पहिलंच वाक्य होतं, आणि त्याचा खुनाशी काही संबंध नव्हता.

"रामकिसनराव," माणिकप्पा हळू म्हणाले, "त्या एकोणीस तारखेला तुम्ही होता कुठं?"

"जनतेच्या हृदयात," असं काहीतरी ते पुटपुटले आणि मग म्हणाले, "बातमी आम्हाला सोलापुरात कळली. पण कळल्यावर आम्ही ती इतक्या उत्कटतेनं जगलो की पाहिल्यातच जमा."

महादेवी एवढा वेळ मागं उभी होती. ती वकिलांकडं वळली. "ह्यानला कोर्टात उभं करनार असाल तर मी बी येनार. ह्यानी माज्या दिराला बोट दाखवलं, त्ये सांगनार. गळ्यातल्या लिंगाची शपथ घेऊन सांगनार."

माणिकप्पांनी साक्षीदारांच्या यादीतून रामकिसनरावांचं नाव खोडलं. न्यायाच्या चाडीनं खोडलं असं सोमलिंगला वाटलं नाही. हसं होण्याची भीतीही पुष्कळ काम करते, आणि यावेळी तिनं एका माणसाची मान वाचवली. एप्रिलमध्ये लाडलेसाब सुटला. 'धगधग'नं लिहिलं की निर्भय यांच्या ज्वलंत साक्षीला घाबरून सरकारनं माघार घेतली. त्या वर्षी त्यांचे तीन गावांत सत्कार झाले.

निकालाच्या दिवशी महादेवी आणि कल्याणप्पा कचेरीच्या पायऱ्यांवर बसले होते. लाडलेसाब समोरून गेला, थांबला, दोघांना वाकून सलाम केला आणि बस धरायला गेला. कल्याणप्पानं त्याच्याकडं बघितलं, पण उठला नाही.

"मंग मारलं कुनी?" महादेवीनं सोमलिंगला विचारलं.

त्याच्या वहीत अंतर होतं, सूर्याची दिशा होती, वीसपैकी अकरा होते. लिंबाखाली कोण नव्हतं एवढं त्याला सांगता आलं असतं.

"मला माहीत नाही, अक्का. तुम्ही जे पाहिलं ते पहिल्यापासून सांगा. उपरणं कुठल्या रंगाचं होतं?"

तिनं पदर सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली. तेरा महिन्यांत कुणी तिला पहिल्यांदाच विचारत होतं.