देवीच्या वाटेवरचा साकव

मित्रांनो, सायकलवरून माझ्या अंगावर आलात की खडखड आवाज होतो ना? घाबरू नका, तो माझा नेहमीचा खोकला आहे. मी एक जुना साकव आहे, म्हणजे पायी जाणाऱ्यांचा चिंचोळा पूल. महाडजवळच्या आमच्या वाडीखालून डोंगरातला पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतो. त्याच्या दोन्ही काठांवर पाय रोवून मी उभा आहे. वय मात्र विचारू नका, मलाही आठवत नाही.

मला कुणा कंत्राटदाराने बांधलं नाही, बरं का! वाडीतल्या माणसांनी काळे दगड रचले आणि त्यांवर ऐनाची लाकडं टाकली. पुढे मुंबईत नोकरीला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाने लोखंडी पत्रे पाठवले आणि सोबत देणगीदारांच्या नावांची पाटी. पाटी माझ्यापेक्षा रुंद निघाली! तरी मी ती मिरवली. भाताचे भारे, बाजाराच्या टोपल्या, माहेराला आलेल्या लेकी, मी काय काय म्हणून पेललं नाही! "साकव हाय म्हणून बरा हाय," असं कुणी म्हटलं की मी सुखावून जायचो.

मग हायवे रुंद झाला आणि वाडीच्या तोंडाशी मिनीडोर, म्हणजे माणसं कोंबून नेणारी रिक्षा, थांबू लागली. माझा कठडा एका पुरात गेला तो गेलाच. वाटेवर काटेरी झुडपं माजली. फक्त शिमग्याच्या आधी वाडीला माझी आठवण यायची. आमची देवी पालखीत बसून महाडच्या वेशीवरल्या आपल्या बहिणीला भेटायला जाते आणि ती माझ्यावरूनच जाते. मग काय, कोयते घेऊन सगळे हजर! काटे तोडायचे, मातीचे खड्डे भरायचे, मला बांबूचा कठडा बांधायचे. आणि पालखी परतली की गोमाजी, आमच्या गावकीचे म्हातारे प्रमुख, बांबू सोडून घरी न्यायचे! असा राग यायचा मला.

पण माझं राहू द्या. मला काळजी होती वाडीतल्या सातवीच्या श्रुतिकाची. वाडीतली शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी महाडला जायचं, म्हणून तिच्या बाबांनी गणपतीला येताना मुंबईहून सायकल आणली. तिची आई पूजा मात्र हटून बसली. "हायवेवरून सायकल? नाय म्हंजे नाय. ट्रक कसे येतात बघतेस ना?" मिनीडोर भरल्याशिवाय सुटत नाही आणि शाळेची घंटा कुणासाठी थांबत नाही. शेवटी ठरलं की जूनपासून पोरीला मुंबईला मामाकडे ठेवायचं. त्या दिवशी श्रुतिका माझ्या दगडावर बसून खूप रडली. मी दगडाचा, पण मलाही गलबलून आलं.

तेवढ्यात बातमी आली. महाडला पायी आणि सायकलने येणाऱ्यांसाठी सुरक्षित वाटा आखायच्या होत्या, आणि त्या कामाच्या सरकारी अधिकारी राजनंदिनी मॅडम वाडीत पाहणीला येणार होत्या. मी म्हटलं, आता आपलं नशीब उघडलं! कसलं काय! वाडीने मॅडमना चहा दिला, नारळ दिला आणि जीपमध्ये बसवून हायवेनेच फिरवून आणलं. माझ्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवलं नाही. मॅडमनी नकाशावर हायवेच्या कडेने पट्टा आखला. ट्रक आणि पोरं यांच्यामध्ये एक पांढरी रेघ, बस! ती रेघ बघून पूजाने लेकीची बॅग काढली.

शिमगा आला. गोमाजींनी मॅडमना पालखीचं आवतण दिलं होतं. ढोल वाजत होते, पालखी नाचत होती, आणि मॅडम चप्पल हातात घेऊन मागोमाग माझ्यावरून चालत होत्या. आंब्यांच्या सावलीतून, शेतांच्या बांधावरून, हायवेला कुठेही न शिवता त्या थेट हायस्कूलच्या मागे निघाल्या. त्या थबकल्याच.

"गोमाजीकाका, ही वाट मला त्या दिवशी का नाही दाखवली?"

गोमाजी ओशाळले. "पावण्यांना चिखलातनं कसं न्यायचं, मॅडम? काय म्हनाल आमच्या वाडीला?"

पूजा पुढे आली. "काका, देवीला न्यायला वाट नीट करता. माझ्या पोरीला का नाय?"

गोमाजींनी मान खाली घातली. संध्याकाळी पालखी परतली, आणि मी सवयीने वाट बघत राहिलो की आता बांबू सुटणार. गोमाजी आले. त्यांनी एकेक गाठ ओढून पाहिली, सैल होती ती घट्ट केली आणि रिकाम्या हातांनी घरी गेले.

मॅडमनी नकाशा बदलला. वाटेवर मुरूम पडला, मला नवे पत्रे आणि लोखंडी कठडा मिळाला. जूनमध्ये श्रुतिका घंटी वाजवत माझ्यावरून गेली. "सावकाश गो!" पूजा ओरडली, आणि पालखीपुढे वाकते तशी वाकून तिने माझ्या कठड्याला हात लावला. आयुष्यात इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या गावातही अशी एखादी वाट असेल. पाहुण्यांपासून ती लपवू नका. आणि देवीसाठी बांधलेला कठडा पालखी गेली म्हणून सोडू नका, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने तुमच्या घरातलं कुणीतरी शाळेला जाणार असतं.